क्रॉसबोसाठी ब्रॉडहेड: फिक्स्ड की मेकॅनिकल

क्रॉसबोने (बंदुकीसारखं खांद्याला लावून घोड्याने सोडायचं आडवं धनुष्य) शिकार करताना बोल्टच्या, म्हणजे त्याच्या आखूड बाणाच्या, टोकाला जे धारदार पात्यांचं डोकं बसवतात त्याला ब्रॉडहेड म्हणतात. त्याचे मुख्य दोन प्रकार. ज्याची पाती कायम उघडी असतात ते फिक्स्ड, आणि ज्याची पाती उडताना मिटलेली राहतात आणि जनावराला लागल्यावर उघडतात ते मेकॅनिकल, यालाच एक्सपांडेबल पण म्हणतात. कुठलं घ्यावं हा वाद धनुष्यवाल्यांमध्येही जुनाच आहे, पण क्रॉसबोच्या बाबतीत गणित थोडं वेगळं पडतं, कारण इथे वेग जास्त आणि बोल्ट आखूड.

बोल्ट मारतो तो रक्तस्रावाने आणि फुफ्फुसं निकामी करून, बंदुकीच्या गोळीसारखा धक्क्याने नाही, त्यामुळे पातं धारदार असणं ही पहिली अट आणि ती दोन्ही प्रकारांना सारखीच लागू. बोथट पातं रक्तवाहिनी कापण्याऐवजी बाजूला ढकलतं, मग जनावर जखमी होऊन लांब जातं आणि तासन्‌तास तडफडतं. हे टाळणं हाच या सगळ्या निवडीचा हेतू आहे, बाकी ब्रँड वगैरे नंतरच्या गोष्टी.

फिक्स्ड हेड साधं असतं, हलणारा एकही भाग नाही. दोन, तीन किंवा चार पाती, कापण्याची रुंदी साधारण 1 ते सव्वा इंच, वजन बहुतेक वेळा 100 किंवा 125 ग्रेन (100 ग्रेन म्हणजे साडेसहा ग्रॅमच्या आसपास). काहींचं टोकच पात्याचं असतं, म्हणजे लागल्याक्षणी कापायला सुरुवात, तर काहींना पुढे तीन पैलूंचं टोकदार पोलादी टोक असतं जे हाड फोडायला बरं पडतं. मेकॅनिकल हेड उघडल्यावर दीड ते दोन इंच किंवा त्याहूनही जास्त रुंद होतं. त्यातही दोन जाती आहेत. एकात पात्यांची टोकं पुढे तोंड करून मिटलेली असतात आणि लागल्यावर उलटी मागे फिरतात, याचं आत जातानाचं भोक कधीकधी लहानच राहतं. दुसऱ्यात पाती मागे सरकत उघडतात, त्यामुळे कातडीवरच मोठी चीर पडते. शिवाय हायब्रिड पण मिळतात, दोन पाती कायम उघडी आणि दोन उघडणारी.

आता वेगाचं. आजचे क्रॉसबो 300 ते 400 फूट प्रति सेकंद सहज गाठतात, काही 500 च्याही पुढे जातात. फिक्स्ड हेडची उघडी पाती बोल्टच्या पुढच्या टोकाला पंखाचं काम करतात, बोल्ट जरा जरी तिरका सुटला तरी हवा त्या पात्यांना धरते आणि बोल्टला बाजूला ओढते. मागची पिसं हे सावरायला असतात, पण क्रॉसबोचा बोल्ट साधारण 20 इंचाचा म्हणजे नेहमीच्या बाणापेक्षा आखूड, त्यामुळे पिसांना सावरायला तरफ कमी मिळते, आणि वेग वाढला की ही ओढ फार जोरात वाढते. म्हणून फील्ड पॉइंटने (सरावाचं बिनपात्याचं टोक) 40 यार्डांवर मुठीएवढ्या जागेत सगळे बोल्ट मारणारा क्रॉसबो फिक्स्ड हेड लावल्यावर चार-पाच इंच भलतीकडे मारू शकतो, आणि लोक मग स्कोपला दोष देतात. मेकॅनिकल मिटलेलं असताना जवळपास फील्ड पॉइंटसारखंच उडतं, ही त्याची सगळ्यात मोठी जमेची बाजू.

तोच वेग मेकॅनिकलचा जुना दोष पण बराचसा झाकतो. पाती उघडायला ताकद खर्च होते आणि रुंद चीर पाडत आत जायलाही जास्त ताकद लागते, म्हणून हलक्या धनुष्याला मेकॅनिकल लावू नका असं सांगतात ते बरोबरच आहे. पण हिशोब करून बघा, बोल्टचं वजन ग्रेनमध्ये गुणिले वेगाचा वर्ग भागिले 450240 केलं की ऊर्जा फूट-पाउंडात येते. 400 ग्रेनचा बोल्ट 350 फूट प्रति सेकंदाने सुटला तर जवळपास 109 फूट-पाउंड. हरणासाठी हे भरपूर झालं, पाती उघडून पलीकडून बाहेर पडायलाही उरतं. तोच बोल्ट जुन्या क्रॉसबोतून 260 ने सुटला तर 60 च्या आसपास येतो, हरणाला तेही पुरतं पण मग दोन इंची मेकॅनिकल लावण्यात मला शहाणपण दिसत नाही.

रुंदीच्या आकड्याने मात्र भुलू नये. दोन पात्यांच्या 2 इंची मेकॅनिकलने एकूण 2 इंच चीर पडते. तीन पात्यांच्या सव्वा इंची फिक्स्डमध्ये प्रत्येक पातं मध्यापासून सुमारे 0.63 इंच, म्हणजे तिन्ही मिळून सुमारे 1.9 इंच. पाकिटावर 2 आणि सव्वा असं वाचून वाटतो तेवढा फरक कापण्याच्या लांबीत नाहीच. फरक पडतो तो पोहोचण्यात, नेम थोडा मागे किंवा वर गेला तर रुंद पातं एखादी रक्तवाहिनी गाठतं जी अरुंद पात्याच्या बाजूने राहून गेली असती.

खरी कसोटी तिरक्या कोनात आणि हाडावर लागते. जनावर तुमच्याकडे आडवं उभं असेल आणि बोल्ट बरगड्यांमधून गेला तर दोन्ही हेड काम करतात, वाद घालायची गरजच नाही. पण जनावर तिरकं उभं असताना पुढे तोंड केलेल्या मेकॅनिकलचं एका बाजूचं पातं आधी टेकतं, बोल्टला त्या बाजूने झटका बसतो, आणि कधीकधी तो आत शिरण्याऐवजी बरगड्यांवरून घसरत कातडीखालून जातो. मागे सरकणाऱ्या पात्यांमध्ये हे कमी होतं, तरी पूर्ण थांबत नाही. खांद्याच्या जाड हाडावर पातळ लांब पाती वाकतात किंवा तुटतात, तिथे आखूड जाड पात्यांचं फिक्स्ड जास्त भरवशाचं. रानडुकराच्या खांद्यावर तर कातडीखाली चिवट थर असतो, तिथे आणि एल्क किंवा मूससारख्या मोठ्या जनावरासाठी फिक्स्डच घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. बोल्ट पलीकडून बाहेर पडणं पण महत्त्वाचं आहे, कारण मचाणावरून मारलेल्या जनावराच्या वरच्या भोकातून रक्त फारसं जमिनीवर येत नाही, खालच्या भोकातून येतं, आणि माग त्यावरूनच काढायचा असतो.

आकडे बघायचे तर अमेरिकेत मेरीलँडमधल्या इंडियन हेड या नौदलाच्या तळावर 1989 ते 2012 पर्यंतच्या हरणांच्या शिकारीची नोंद ठेवली गेली, कंपाउंड (चाकं लावलेलं आधुनिक धनुष्य) आणि क्रॉसबो दोन्हींची. तिथे फिक्स्डने लागलेली 82 टक्के हरणं सापडली, मेकॅनिकलने लागलेली सुमारे 91 टक्के. पण तिथल्या शिकाऱ्यांना आधी नेमबाजीची चाचणी पास व्हावी लागायची आणि जनावर होतं व्हाइटटेल हरीण, म्हणून हा निकाल उचलून रानडुकराला किंवा एल्कला लावणं चूक. उलट बाजूने बाण किती आत शिरतो याचा अभ्यास करणारे एड ॲशबी यांचं काम सांगतात, त्यांनी 1980 च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या नातालमध्ये साध्या धनुष्यांवर चाचण्या केल्या आणि जड बाण आणि लांबीला जास्त रुंदीला कमी अशा दोन पात्यांच्या फिक्स्ड हेडची बाजू घेतली. दोन्ही आपापल्या जागी खरे आहेत, जनावरं वेगळी, हत्यारं वेगळी.

म्हणून हेड निवडताना आपला सगळ्यात चांगला नेम डोळ्यासमोर ठेवू नये, सगळ्यात वाईट जो कोन आपण घेणार आहोत तो ठेवावा. वेगवान क्रॉसबो, हरीण, आडवा नेम आणि बाकी नेम सोडून द्यायची तयारी असेल तर मागे सरकणारं मेकॅनिकल उत्तम. मंद क्रॉसबो, मोठं हाड किंवा तिरका कोन येणार असेल तर फिक्स्ड.

मेकॅनिकल घेताना ते क्रॉसबोसाठी बनवलेलं आहे ना हे बघावं, कारण सुटतानाच्या झटक्याने साध्या हेडची पाती मिटलेली धरणारी रबर रिंग किंवा प्लॅस्टिक कॉलर सुटून पाती हवेतच उघडू शकतात आणि मग बोल्ट कुठे जाईल याचा भरवसा नाही. कॉलर बहुतेक वेळा एका शॉटपुरतीच असते, जास्तीच्या जवळ ठेवाव्यात. फिक्स्ड लावल्यावर बोल्ट टोकावर फिरवून बघावा, थरथरला तर हेड किंवा बोल्ट सरळ नाही. आणि सरावाला वापरलेलं हेड नवीन धार किंवा नवीन पाती न लावता शिकारीला नेऊ नये.

कायदा जागोजागी वेगळा आहे. ब्रिटनमध्ये वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड ॲक्ट 1981 प्रमाणे जंगली जनावरावर धनुष्य किंवा क्रॉसबो चालवायला बंदीच आहे. अमेरिकेत प्रत्येक राज्याचे नियम निराळे, बऱ्याच ठिकाणी किमान रुंदी 7/8 इंच लागते आणि काही राज्यांत मागे वळलेले काटे असलेलं हेड चालत नाही, त्यामुळे पाकीट फोडायच्या आधी त्या हंगामाचं नियमपत्रक वाचावं.