साराजेव्होच्या आधीची ३६ वर्षं

पहिल्या महायुद्धाची कारणं आपण सगळ्यांनीच शाळेत पाठ केलेली असतात. आक्रमक राष्ट्रवाद, साम्राज्यवाद, शस्त्रस्पर्धा, गुप्त करार, आणि सर्वांत शेवटी ‘तात्कालिक कारण’ म्हणून ऑस्ट्रियाच्या युवराजाचा साराजेव्होत झालेला खून. या मांडणीत तो खून शेपटासारखा मागे लटकतो. ठिणगी दुसरीकडे कुठे पडली असती तरी तेच झालं असतं, असं वाटायला लागतं. मला ते पटत नाही. खून ज्या बोस्नियात झाला, त्या मुलखाचा १८७८ ते १९१४ पर्यंतचा इतिहास वाचताना राष्ट्रवाद आणि साम्राज्यवाद हे दोन मुद्दे वेगळे काढताच येत नाहीत. दोघांचं भांडण एकाच शेतावरून चाललेलं दिसतं.

म्हणून शेतापासून सुरुवात करतो. एकोणिसाव्या शतकात बोस्निया-हर्झेगोविना ऑटोमन तुर्कांच्या साम्राज्यात होता. जमीन बहुतेक मुस्लिम जमीनदारांची, आणि ती कसणारी कुळं बहुतांशी ख्रिस्ती, त्यातही ऑर्थोडॉक्स पंथाचे सर्ब जास्त. या कुळांना तिथे ‘क्मेत’ म्हणत. पिकाचा साधारण तिसरा वाटा जमीनदाराला आणि वर सरकारचा दशमांश. तिजाईने जमीन कसलेल्या घरातल्या माणसाला हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही. १८७४ साली पीक बुडालं, तरी वसुली थांबली नाही. १८७५ च्या उन्हाळ्यात हर्झेगोविनातल्या शेतकऱ्यांनी बंड केलं. ते पसरत गेलं, पुढच्या वर्षी बल्गेरिया पेटला, सर्बिया आणि माँटेनिग्रो लढाईत उतरले, आणि १८७७ मध्ये रशियाने तुर्कस्तानविरुद्ध युद्ध पुकारलं. तुर्कस्तान हरला.

रशिया एकटाच सगळं गिळणार, या धास्तीने युरोपातल्या बड्या सत्ता १३ जून १८७८ रोजी बर्लिनला जमल्या. यजमान होता जर्मनीचा चान्सलर बिस्मार्क. महिनाभराच्या वाटाघाटींनंतर सर्बिया, माँटेनिग्रो आणि रुमानिया यांच्या स्वातंत्र्यावर शिक्कामोर्तब झालं. बोस्नियाचा निकाल मात्र फार विचित्र लागला. ऑस्ट्रिया-हंगेरीने तो ताब्यात घ्यावा, कारभार करावा, असं तहाच्या २५ व्या कलमात ठरलं, पण कागदोपत्री धनी तुर्की सुलतानच राहिला. बोस्नियातल्या कुणालाही विचारलं गेलं नाही. ऑस्ट्रियाचं सैन्य सहज आत शिरेल हा अंदाजही चुकला. १९ ऑगस्टला साराजेव्हो पडलं, तेव्हा तिथे गल्लोगल्ली लढाई झाली होती.

आणि ज्यांच्या बंडाने हे सगळं सुरू झालं ती कुळं? नव्या सरकारने जुना जमीन कायदाच पुढे चालू ठेवला. मुस्लिम जमीनदारांना दुखवायचं नव्हतं. ऑस्ट्रियाने रेल्वे आणली, रस्ते बांधले, तंबाखूचे कारखाने काढले, साराजेव्होत ट्राम धावायला लागली. हे खरं आहे, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण तीस वर्षांच्या कारभारानंतर, १९१० मध्येही, बोस्नियात दहापैकी आठाहून जास्त माणसं निरक्षर होती आणि क्मेत क्मेतच राहिला होता. त्या वर्षीच्या खानेसुमारीत सुमारे ४३ टक्के ऑर्थोडॉक्स, ३२ टक्के मुस्लिम आणि २३ टक्के कॅथलिक अशी वस्ती नोंदली गेली. व्हिएन्नाला भीती होती ती त्या ४३ टक्क्यांची, कारण नदीपलीकडे त्यांच्याच भाऊबंदांचं स्वतंत्र राज्य होतं.

ते राज्य, म्हणजे सर्बिया, बराच काळ ऑस्ट्रियाच्या कलाने चालत होतं. १९०३ मध्ये लष्करी अधिकाऱ्यांच्या एका गटाने राजा अलेक्झांडर आणि राणी द्रागा यांना राजवाड्यात ठार मारलं, गादीवर दुसरं घराणं आलं आणि वारं फिरलं. चिडलेल्या ऑस्ट्रियाने १९०६ मध्ये सर्बियाच्या गुराढोरांना आणि डुकरांना सरहद्द बंद केली. सर्बियाची मुख्य निर्यातच ती, म्हणून या नाकेबंदीला ‘डुकरांचं युद्ध’ असं नाव पडलं. सर्बियाने गुडघे टेकले नाहीत. मालाला दुसऱ्या बाजारपेठा शोधल्या आणि तोफा ऑस्ट्रियाऐवजी फ्रान्सकडून घेतल्या. गळा आवळायला गेलेल्या ऑस्ट्रियाने शेजाऱ्याला स्वतःच्या पायावर उभं केलं आणि वर फ्रान्सच्या दारात नेऊन सोडलं.

मग आलं १९०८. माझ्या मते महायुद्धाचा पाया याच वर्षी पक्का झाला. जुलैमध्ये तुर्कस्तानात तरुण तुर्कांची क्रांती झाली. नवं सरकार बोस्नियावरचा जुना हक्क पुन्हा सांगेल, तिथल्या लोकांना आपल्या संसदेत बोलावेल, ही चिंता व्हिएन्नाला लागली. ऑस्ट्रियाचा परराष्ट्रमंत्री एरेन्थाल आणि रशियाचा इझव्होल्स्की १६ सप्टेंबरला बुखलाऊच्या गढीत भेटले. तुम्ही बोस्निया घ्या, आम्हाला तुर्की सामुद्रधुनीतून युद्धनौका नेऊ द्या, असा तो सौदा होता. ६ ऑक्टोबरला ऑस्ट्रियाने बोस्निया खालसा केल्याचं जाहीर केलं. रशियाच्या पदरात काहीच पडलं नाही. सर्बियात लोक रस्त्यावर उतरले. पण रशिया नुकताच, १९०५ साली, जपानकडून मार खाऊन बसलेला, आणि मार्च १९०९ मध्ये जर्मनीने त्याला ‘मान्य आहे की नाही, एवढंच सांगा’ अशा भाषेत दटावलं. रशियाने मान खाली घातली. महिनाअखेर सर्बियालाही लिहून द्यावं लागलं की आमच्या हक्कांना बाधा आलेली नाही आणि आम्ही चांगल्या शेजाऱ्यासारखं वागू.

त्या अपमानातून प्रत्येकाने आपापला धडा घेतला. रशियाने ठरवलं, पुन्हा सर्बियाला वाऱ्यावर सोडायचं नाही. दरडावलं की रशिया हटतो, अशी जर्मनीची आणि ऑस्ट्रियाची समजूत झाली. सर्बियात आधी ‘नारोद्ना ओद्ब्राना’ (राष्ट्रीय संरक्षण) ही राष्ट्रवादी संघटना आणि १९११ मध्ये ‘काळा हात’ ही गुप्त संघटना उभी राहिली. मोरोक्कोवरून फ्रान्स-जर्मनीचे तंटे, इंग्लंड-जर्मनीची आरमारी चुरस, १८७१ मध्ये जर्मनीने घेतलेलं आणि तेव्हापासून फ्रान्सला सलणारं अल्सेस-लोरेन हे सगळं याच काळात धुमसत होतं. पण ती भांडणं दरवेळी कशीबशी मिटली. बोस्नियाचं मिटलं नाही. १९१२-१३ च्या बाल्कन युद्धांत सर्बियाचा मुलूख जवळजवळ दुप्पट झाला आणि व्हिएन्नाच्या पोटात गोळा आला.

गावरिलो प्रिन्सिप हा १८९४ चा जन्म, पश्चिम बोस्नियातल्या ग्राहोव्होजवळच्या खेड्यातला, क्मेताच्या घरातला. शिकायला साराजेव्होला आला आणि ‘तरुण बोस्निया’ म्हणून ओळखल्या गेलेल्या विद्यार्थ्यांत मिसळला. यातूनच युवराजाच्या खुनाचा कट शिजला. या कटात मुहम्मद मेहमेदबाशिच हा मुस्लिम तरुणही होता. पुढे खटल्यात प्रिन्सिपने दक्षिणी स्लाव्हांच्या, म्हणजे सर्ब, क्रोएट वगैरे लोकांच्या एकीचं ध्येय सांगितलं. त्याचबरोबर, आपण शेतकऱ्याचा मुलगा आहोत, खेड्यांत काय चाललंय ते आपल्याला ठाऊक आहे, असंही तो बोलला. त्या वाक्यापाशी मी नेहमी थांबतो. १८७५ मध्ये पेटलेला प्रश्न १९१४ मध्ये न्यायालयात पुन्हा उभा राहिला होता.

२८ जून १९१४, रविवार. कोसोव्होच्या १३८९ च्या लढाईचा स्मृतिदिन, सर्बांच्या दृष्टीने वर्षातला सगळ्यात हळवा दिवस. नेमक्या त्या दिवशी युवराज फ्रान्झ फर्डिनांड पत्नी सोफीसह उघड्या मोटारीतून साराजेव्होत फिरत होता. सकाळी एका कटवाल्याने टाकलेला बॉम्ब मागच्या गाडीपाशी फुटला. तरीही मिरवणूक नगरभवनात गेली, स्वागताची भाषणं झाली. जखमींना भेटायला जायचं म्हणून परतीचा मार्ग बदलला, पण ते चालकाला कुणी सांगितलंच नाही. तो लॅटिन पुलाजवळ ठरल्याप्रमाणे उजवीकडे वळला, मागून ओरडा झाला, गाडी मागे घेण्यासाठी थांबली. प्रिन्सिप तिथेच फुटपाथवर उभा होता. दोन गोळ्या सुटल्या. त्याचं वय १९. विशीच्या आतला म्हणून फाशी झाली नाही. एप्रिल १९१८ मध्ये तो क्षयाने तुरुंगातच मेला.

पुढचे पाच आठवडे सर्वांना ठाऊक आहेत. ५ जुलैला जर्मन कैसरने ऑस्ट्रियाला बिनशर्त पाठिंब्याचं वचन दिलं. २३ जुलैला सर्बियाला ४८ तासांचा निर्वाणीचा खलिता गेला. सर्बियाने जवळपास सगळ्या अटी मानल्या. ऑस्ट्रियाच्या अधिकाऱ्यांनी आपल्या भूमीवर येऊन तपास करायचा, ही अट मात्र नाकारली. २८ जुलैला युद्ध, ३० ला रशियाची सार्वत्रिक जमवाजमव, १ ऑगस्टला जर्मनी रशियाविरुद्ध. जर्मन फौजा बेल्जियममध्ये घुसल्या आणि ४ ऑगस्टला इंग्लंडही उतरलं. इंग्लंडबरोबर हिंदुस्थान आपोआप ओढला गेला. इथे कुणाला विचारायचा प्रश्नच नव्हता. लोकमान्य टिळक मंडालेहून सुटून पुण्यात परतले, त्याला साराजेव्होच्या वेळी जेमतेम १२ दिवस झाले होते.

बर्लिनमध्ये बोस्निया गमावलेला तुर्कस्तान ऑक्टोबरअखेर जर्मनीच्या बाजूने लढाईत आला. ६ नोव्हेंबरला हिंदी फौजा इराणी आखातात, आजच्या इराकमधल्या फाओला उतरल्या. त्या सहाव्या पूना डिव्हिजनच्या होत्या, आणि पहिल्याच तुकडीत ११७ वी मराठा पलटण होती. १०३ आणि ११० क्रमांकाच्या मराठा पलटणीही त्याच डिव्हिजनमध्ये. डिसेंबर १९१५ पासून ही डिव्हिजन इराकमधल्याच कूत शहरात तुर्कांच्या वेढ्यात अडकली. अन्न संपलं, घोडे-खेचरं कापून खायची वेळ आली, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० माणसं शरण गेली. कैदेतल्या पायपिटीत त्यांतली हजारो मेली. सातारा-रत्नागिरीकडच्या काही गावांत अजून संगमरवरी पाटी आहे: १९१४ ते १९१९ च्या लढाईत या गावातून इतके गेले, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले. पाटीवर आकडे आहेत, नावं नाहीत.