किती उष्णता जाते आणि किती लवकर जाते: कंडक्टिव्हिटी व डिफ्युसिव्हिटी

मुलुंडला आमचं घर सर्वांत वरच्या मजल्यावर होतं. मे महिन्यात दुपारी दोनला गच्चीवर अनवाणी पाय टेकवत नसे, पण खाली खोलीत तेव्हा पंख्याखाली डुलकी लागायची. खरी काहिली सुरू व्हायची साडेपाच-सहानंतर. बाहेर वारा सुटलेला असायचा आणि आत स्टुलावर चढून छताला हात लावला तर चांगलाच कढत लागायचा. आई म्हणायची, "आत्ता तापला बघ स्लॅब." तिचं म्हणणं किती नेमकं होतं हे मला एम.टेक.ला थर्मलच्या लॅबमध्ये बसल्यावर कळलं.

या विषयात एका जोडीची गल्लत मी सगळ्यात जास्त पाहिली आहे. अनेक मुलं कंडक्टिव्हिटी आणि डिफ्युसिव्हिटी हे एकाच गुणाचे दोन अवतार धरून चालतात. कंडक्टिव्हिटी म्हणजे उष्णतावाहकता. एका बाजूचं तापमान जास्त, दुसऱ्याचं कमी, आणि दोन्ही तसंच टिकवून ठेवलं, तर मधल्या पदार्थातून किती उष्णता वाहत राहील हे ती सांगते. एकक वॉट प्रति मीटर-केल्विन. डिफ्युसिव्हिटीच्या एककात वॉट नाही आणि केल्विनही नाही, नुसते वर्ग मिलिमीटर प्रति सेकंद. एका टोकाला तापमान बदललं तर त्याची वर्दी दुसऱ्या टोकाला किती लवकर पोहोचेल, एवढंच ती मोजते. कंडक्टिव्हिटीला घनता आणि विशिष्ट उष्णता यांच्या गुणाकाराने भागलं की ती मिळते. म्हणजे उष्णता पुढे सरकण्याची सोय वर, आणि वाटेतल्या प्रत्येक थराला आधी स्वतः तापायला लागणारी उष्णता खाली.

हा भागाकार काय उलथापालथ करतो ते हवा आणि स्टेनलेस स्टील शेजारी ठेवून बघा. स्टीलची कंडक्टिव्हिटी साधारण १५, हवेची ०.०२६. स्टील पावणेसहाशे पट पुढे. डिफ्युसिव्हिटी मात्र स्टीलची ४ च्या आसपास आणि हवेची २२! स्थिर हवेतून तापमानाचा बदल स्टीलपेक्षा लवकर पसरतो, कारण हवेला तापायला जवळजवळ काहीच लागत नाही. पहिल्यांदा हे आकडे पाहिले तेव्हा मी गणित तीनदा करून पाहिलं होतं. तांब्याच्या बाबतीत असा गोंधळ होत नाही, कारण ते दोन्हीत वरचढ आहे: ४०० आणि ११७. (लोकलमधला स्टीलचा खांब सकाळी हाताला गार आणि प्लास्टिकचं हँडल तसं नाही, हा तिसराच गुण, एफ्युसिव्हिटी. तो इथे मध्ये आणत नाही.)

लॅबमध्ये ही गल्लत महागात पडते, कारण यंत्र मोजतं एक आणि प्रबंधात छापायचं असतं दुसरं. पार्कर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये मांडलेली लेझर फ्लॅश पद्धत आजही रोजची आहे. एक-दोन मिलिमीटर जाडीची चकती घ्यायची, तिला ग्रॅफाइटचा काळा हात द्यायचा, एका बाजूला प्रकाशाचा क्षणिक झोत मारायचा आणि मागच्या बाजूचं तापमान कमाल वाढीच्या निम्म्यावर किती वेळात येतं ते टिपायचं. ०.१३८८ गुणिले जाडीचा वर्ग, भागिले तो वेळ: झाली डिफ्युसिव्हिटी. दोन मिलिमीटर स्टीलला हा वेळ ०.१४ सेकंद, तांब्याला जेमतेम ५ मिलिसेकंद. जाडीचा वर्ग असल्यामुळे मायक्रोमीटरने पाच ठिकाणी माप घ्यावंच लागतं. २.०० ऐवजी २.०५ वाचलं की उत्तर पाच टक्के सरकलं.

कंडक्टिव्हिटी हवी असेल तर या आकड्याला घनता आणि विशिष्ट उष्णतेने गुणावं लागतं. इथे मी स्वतः चुकलो. भट्टीत सिंटर केलेल्या (म्हणजे पूड दाबून, भाजून घट्ट केलेल्या) ॲल्युमिनाच्या, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या, चकतीला हँडबुकातली ३.९ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर घनता लावली. गाइडनी एकच प्रश्न विचारला, "ही घनता तुझ्या चकतीची आहे का?" पाण्यात बुडवून आर्किमिडीजच्या रीतीने मोजली तर ३.५ भरली. आत छिद्रं होती आणि माझी कंडक्टिव्हिटी ११ टक्के फुगलेली होती. तापमान वाढवत नेलं की आणखी एक खाच आहे. ॲल्युमिनाची कंडक्टिव्हिटी १००० अंशांपर्यंत झपाट्याने पडते, त्याच वेळी विशिष्ट उष्णता वाढते, म्हणून डिफ्युसिव्हिटी त्याहून जोरात घसरते. दोन आलेखांचे उतार वेगळे दिसायलाच हवेत. एकसारखे दिसले तर खोलीच्या तापमानाची विशिष्ट उष्णता सगळीकडे वापरली गेली आहे, हे ओळखावं.

आता पुन्हा गच्ची. काँक्रीटची डिफ्युसिव्हिटी साधारण ०.७. दिवस-रात्रीची तापमानाची लाट १२५ मिलिमीटरच्या स्लॅबमधून पार व्हायला त्या हिशेबाने साडेतीन तास घेते: दोनचं ऊन साडेपाचला खोलीत. मुंबईत गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा घालतात, त्याने ही वेळ आणखी काही तास पुढे जाते आणि लाट चपटी होते. थर्माकोलची डिफ्युसिव्हिटी मात्र काँक्रीटच्या जवळपास दुप्पट आहे. पाच सेंटिमीटर थर्माकोल लाटेला तासभरही धड अडवत नाही. तरीही तो घालावा, कारण त्याची कंडक्टिव्हिटी काँक्रीटच्या चाळिसाव्या हिश्शाएवढी आहे आणि आत येणारी उष्णताच नगण्य होते. कोबा उष्णतेला उशीर करतो, थर्माकोल तिला कमी करतो.

थर्माकोल स्लॅबच्या वर घालावा, खाली फॉल्स सीलिंगमध्ये नाही, असं माझं ठाम मत आहे. खाली घातला तर खोली वाचते, पण स्लॅब रोज पूर्वीपेक्षा जास्तच भाजतो. काँक्रीट मीटरमागे अंशाला एक शतांश मिलिमीटर पसरतं. दहा मीटरचा स्लॅब वीस अंशांनी वरखाली झाला की दोन मिलिमीटरची ये-जा, रोज. पॅरापेटच्या, म्हणजे गच्चीच्या कठड्याच्या, मुळाशी बारीक आडवी चीर पडते ती बहुतेकदा यातूनच, आणि जूनमध्ये पाणी तिथूनच आत येतं.