फिलिपाइन गरुड : आकडा आला कुठून?

फिलिपाइन गरुडाच्या सुमारे ३९२ जोड्या जंगलात असाव्यात, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. हे गरुड कुणी एकेक करून मोजलेले नाहीत. घरट्यांच्या जागा आणि उपग्रहांनी टिपलेलं जंगल यांची सांगड घालून काढलेला हा हिशेब आहे. म्हणून तर ३१८ ते ४४७ असा मोठा पल्लाही सोबत दिलेला असतो.

हा पक्षी मोजणं मुळातच अवघड. लांबीला मीटरभर, पंख पसरले की दोन मीटर, तरी घनदाट झाडीत दिसत नाही. जोडी दोन वर्षांत एकच अंडं घालते. त्यामुळे यंदा घरटं रिकामं दिसलं म्हणून तिथे जोडी नाही असं म्हणता येत नाही. त्यातून लुझॉन, सामार, लेते आणि मिंदानाव ही बेटं सोडून तो जगात कुठेच नाही.

विज्ञानाला त्याची ओळख १८९६ मध्ये झाली, जॉन व्हाइटहेड या इंग्रज संग्राहकाला सामार बेटावर मिळालेल्या नमुन्यावरून. नाव पडलं 'माकडखाऊ गरुड'. माकडं तो खातो, पण तेवढ्यावरच जगत नाही; १९७८ मध्ये सरकारने नाव बदललं ते बरंच झालं.

जंगलतोड आणि शिकारीमुळे तो संपत चालल्याचा इशारा १९६० च्या दशकात फिलिपिनो पक्षीतज्ज्ञ दिओस्कोरो राबोर यांनी दिला. पुढे अटलांटिक एकट्याने ओलांडणारे वैमानिक चार्ल्स लिंडबर्गही या मोहिमेत उतरले आणि १९७० मध्ये गरुडाला कायद्याचं संरक्षण मिळालं. संख्येबद्दल तेव्हा बोललं जाई ते बरंचसं अटकळीनेच.

हिशेबाला खरा आधार मिळाला तो घरट्यांमुळे. मिंदानावमध्ये शेजारच्या दोन घरट्यांत सरासरी पावणेतेरा किलोमीटर अंतर आढळलं. त्यावरून २००३ मध्ये त्या बेटापुरता ८२ ते २३३ जोड्यांचा अंदाज मांडला गेला. नवा आकडा मोठा दिसतो, पण तो चारही बेटांचा आहे आणि पद्धतही वेगळी. गरुड वाढले असा अर्थ त्यातून काढू नये.

शिवाय जंगल आहे म्हणजे गरुड आहेच, असंही नाही. २०१३ च्या हैयान वादळानंतर लेतेमध्ये गरुड दिसेनासा झाला. २०२४ मध्ये तिथल्या रानात दोन गरुड सोडले, ते मिंदानावहून आणून.