मारबत

मारबत : नागपूर शहरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, वाजतगाजत मिरवून अखेरीस जाळल्या जाणाऱ्या स्त्रीरूप पुतळ्यांना आणि त्या मिरवणुकीलाही मारबत म्हणतात. काळी व पिवळी या दोन मारबती प्रमुख. काही वर्षी लाल मारबतही निघते. त्यांच्याबरोबर वस्त्यावस्त्यांतून निघणाऱ्या पुरुषरूप पुतळ्यांना बडगे (एकवचन : बडग्या) म्हणतात. पुतळे करण्याची कला, रस्त्यावरची टीका आणि अग्निसंस्कार हे तिन्ही एका दिवसात एकत्र आणणारा हा उत्सव आज नागपूरची ओळख बनला असला, तरी त्याचे मूळ रूप खेड्यातले आहे.

पूर्व विदर्भाच्या खेड्यांत मारबत पुतळ्याशिवायही घडते. पोळ्याच्या दिवशी घराच्या दाराशी दोन्ही बाजूंना पळसाच्या फांद्या रोवतात. त्यांना मेढे म्हणतात. दुसऱ्या दिवशी उजाडण्याच्या सुमारास हे मेढे उपटून शिवेबाहेर नेऊन टाकतात आणि जाताना 'ईडा, पीडा, रोगराई, जादूटोणा घेऊन जा गे मारबत' असे ओरडतात. भंडारा-गोंदियाकडच्या झाडीपट्टीत मारबोद, नारबोद अशीही रूपे ऐकू येतात. शब्दाच्या आरंभी म आणि न असा पालट होत असल्याने 'मारणे' या क्रियापदावरून केलेली व्युत्पत्ती पटण्यासारखी नाही. एकच नाव बोलीबोलींत घडत गेले असे मानणे अधिक सयुक्तिक.

या आरोळीचे व्याकरण पाहण्यासारखे आहे. बलिप्रतिपदेला आपण 'इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो' म्हणतो. तिथे पीडा आपोआप टळावी अशी इच्छा आहे, ती कोणी न्यावी हे सांगितलेले नाही. इथे मात्र नेणारी समोर आहे आणि तिला 'गे' म्हणून जवळिकीने हाक मारली आहे. तिला 'चालती हो' असे कोणी म्हणत नाही. जाताना आमचे दुखणे बरोबर घेऊन जा, एवढीच विनंती आहे. आश्विन अमावास्येच्या मध्यरात्री सूप वाजवून आणि केर काढून अलक्ष्मीला घालवण्याची जुनी रीत आहे. त्या रीतीत अलक्ष्मीची पूजा नसते. मारबतीची आधी पूजा होते आणि मग तिला शिवेबाहेर नेले जाते. उत्पत्तीविषयीच्या कोणत्याही मताला या फरकाचा उलगडा करता आला पाहिजे.

उत्पत्तीविषयी मते. सर्वांत प्रचलित मत पौराणिक आहे. मारबत म्हणजे कृष्णाला विषारी स्तनपान देण्यास आलेली पूतना. ती मेल्यावर गोकुळवासीयांनी तिला गावाबाहेर नेऊन जाळले आणि गावाची पीडा गेली, असे सांगतात. भागवताच्या दशम स्कंधातील सहाव्या अध्यायात ही कथा आहे. व्रजवासीयांनी त्या प्रचंड देहाचे कुऱ्हाडीने तुकडे केले, ते दूर नेऊन लाकडांनी वेढून जाळले आणि चितेच्या धुराला अगरूचा सुगंध आला, असे तिथे वर्णन आहे. मारायला आली तरी तिने कृष्णाला स्तन दिला, म्हणून तिला मातेची गती मिळाली, असेही भागवत सांगते. पूजा आणि दहन एकाच मूर्तीच्या वाट्याला का येते, याचे उत्तर या कथेत सापडते.

पूतनेचे आणखी एक रूप वैद्यकात आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात लहान मुलांना पछाडणारे नऊ ग्रह सांगितले आहेत : स्कंद, स्कंदापस्मार, शकुनी, रेवती, पूतना, अंधपूतना, शीतपूतना, मुखमंडिका आणि नैगमेष. नवांपैकी तीन नावे पूतनेची आहेत. ताप, वांत्या, अतिसार अशा बालरोगांना त्या काळी या नावांनी ओळखत. मारबतीच्या पायांवर तान्ही मुले घालणाऱ्या आयांची श्रद्धा याच जातीची आहे.

दुसरे मत ऐतिहासिक असून नागपुरात ते अभिमानाने सांगितले जाते. त्यानुसार काळी मारबत म्हणजे नागपूरचे राजे दुसरे रघूजी भोसले यांची पत्नी बाकाबाई (बांकाबाई). तिने इंग्रजांशी हातमिळवणी केल्याच्या संतापातून लोकांनी तिचा पुतळा करून जाळायला सुरुवात केली, असे म्हणतात. दुसरे रघूजी १८१६ मध्ये वारले. २६-२७ नोव्हेंबर १८१७ रोजी सीताबर्डीच्या लढाईत तेव्हाचे राजे आप्पासाहेब भोसले यांचा इंग्रजांकडून पराभव झाला आणि पुढच्या वर्षी इंग्रजांनी त्यांना पदच्युत केले. गादीवर बसवलेले तिसरे रघूजी वयाने लहान असल्याने बाकाबाईचे दरबारातले वजन वाढले. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी औरस पुत्र न ठेवता वारले आणि १८५४ मध्ये डलहौसीने राज्य खालसा केले. तरीही १८५७ च्या उठावात वृद्ध बाकाबाईने आपले वजन इंग्रजांच्या पारड्यात टाकले. तिच्या उदाहरणामुळे मराठी जिल्हे शांत राहिले, अशी प्रशंसा इंपीरिअल गॅझेटिअरमध्ये आहे. राज्यकर्त्यांनी ज्या कृत्याचे कौतुक करून ठेवले, त्याच कृत्याला लोकस्मृतीने फितुरी म्हटले. लेखी आणि मौखिक साधने इथे तथ्याबाबत एकमुखी आहेत, निवाडा मात्र उलटा देतात.

या मताची अडचण कालक्रमात आहे. काळ्या मारबतीची मिरवणूक सामान्यतः १८८१ पासून (काहींच्या मते १८८० पासून) धरतात. बाकाबाई १८५८ मध्ये वारली. म्हणजे संतापाचे कारण आणि पुतळा यांच्यात वीसहून अधिक वर्षांचे अंतर पडते. ते दोन प्रकारे सांधता येते. एक, पुतळा आधीपासून निघत असावा आणि १८८१ हे केवळ त्याला सार्वजनिक रूप आल्याचे वर्ष असावे. दोन, मारबतीचा विधी आधीचा असावा आणि बाकाबाईची आठवण नंतर त्यावर येऊन बसली असावी. दुसरी शक्यता अधिक सबळ वाटते. जिथे पुतळा नाही आणि बाकाबाईशी काही संबंधही नाही अशा खेड्यांतही मारबत आहे, तिचा दिवस तोच आणि आरोळीही तीच. मात्र त्यामुळे बाकाबाईची कथा निरर्थक ठरत नाही. परक्या सत्तेविरुद्ध उघड बोलण्याची सोय नसताना रोगराईच्या पुतळ्याला राजकीय चेहरा देणे हे नागपूरकरांचे स्वतःचे योगदान आहे, आणि पुढे बडग्यांनी तीच वाट धरली.

तिसरे मत साथीच्या रोगांचे. पिवळी मारबत रोगराई घालवण्यासाठी सुरू झाली, असे जुनी मंडळी सांगतात. एकोणिसाव्या शतकातल्या पटकी-देवीच्या साथी पाहता ते संभवनीय आहे. या मताला प्लेगची जोड देता येत नाही, कारण मुंबईतली प्लेगची साथ १८९६ ची आणि पिवळी मारबत त्याआधीची.

या तिन्ही मतांत पंचांगाची साक्ष फारशी घेतली गेलेली नाही, ती घ्यायला हवी. मारबतीचा आदला दिवस पोळ्याचा, तसाच पिठोरी अमावास्येचाही. त्या दिवशी आया मुलांच्या आयुष्यासाठी चौसष्ट योगिनींची पूजा करतात आणि 'अतिथी कोण?' या प्रश्नाला मुले 'मी' म्हणतात. दर श्रावण अमावास्येला जिचे मूल दगावते अशा सुनेची कहाणी या व्रताशी जोडलेली आहे. त्याआधी श्रावणातल्या शुक्रवारी जिवतीच्या पटावर जरा-जिवंतिकेची पूजा झालेली असते. जरासंधाची दोन शकले सांधणारी जरा ही मुळात राक्षसी, आणि घरात ती लेकरांची राखण करते. ऐन पावसाळ्यात, मुले आजारी पडण्याच्या दिवसांत, ही एक सलग साखळी दिसते : भयंकर स्त्रीशक्तीला आधी घरात मान द्यायचा, तिच्याकडे मुलांचे आयुष्य मागायचे आणि शेवटी रोग तिच्या ओटीत घालून तिला वाटेला लावायचे. मारबत या साखळीचा शेवटचा दुवा असावी, असे प्रस्तुत नोंदकाराला वाटते. पूतनेची कथा या अर्थाशी जुळते. बाकाबाईची कथा त्यावर चढलेला नंतरचा थर ठरतो.

काळी व पिवळी. काळी मारबत इतवारीतून, नेहरू पुतळ्याच्या परिसरातून निघते. पिवळी मारबत जागनाथ बुधवारी भागातील तऱ्हाणे तेली समाजाची. तिची सुरुवात १८८५ पासून सांगतात. दोन्ही पुतळे बांबूच्या सांगाड्यावर कागद, कापड आणि रंग चढवून केलेले, माणसाहून कितीतरी उंच. लोकमानसात काळी ही दुष्टतेची, तर पिवळी ही रक्षणकर्तीची, असा भेद आहे, पण दहन दोघींचेही होते. पिवळी मारबत पोळ्याच्या आधी काही दिवस दर्शनासाठी बसवलेली असते. बायका तिची ओटी भरतात आणि अंगावरचे मूल क्षणभर तिच्या पायांशी टेकवून उचलून घेतात. एवढ्यासाठी लांबून आलेली आई मूल उचलताच गर्दीतून मागे फिरते, कारण तिच्यामागे दुसरी उभी असते.

प्रतिपदेला दोन्ही मारबती आपापल्या ठिकाणांहून निघतात आणि नेहरू पुतळ्याजवळ समोरासमोर येतात. नागपूरच्या माणसाला मारबत म्हटले की हाच क्षण डोळ्यांसमोर येतो. गच्च्या, गॅलऱ्या, दुकानांच्या पायऱ्या माणसांनी भरलेल्या असतात आणि ढोलताशांच्या वरताण 'घेऊन जा गे मारबत' ऐकू येत असते.

बडगे. मारबतींचे रूप ठरलेले असते, बडग्यांचे दरवर्षी बदलते. कामट्या, तणस, पोती, रद्दी आणि जुने कपडे घेऊन मोहल्ल्यातली पोरे तो उभा करतात. महागाई, भ्रष्टाचार, हुंडा, व्यसने, दहशतवाद, खड्डे, त्या वर्षी ज्याने लोकांना छळले त्याचा बडग्या होतो. गळ्यात पाटी असते आणि पाटीवर नागपुरी बोलीतला एखादा सणसणीत मजकूर. आरोळीही त्याप्रमाणे लांबते : 'महागाईले घेऊन जा गे मारबत'. बोलीतला हा 'ले' प्रत्यय पाटीवर जसाच्या तसा लिहिलेला असतो, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाने जपून नोंदवावी अशी आहे, कारण वऱ्हाडी-नागपुरी बोली इतक्या मोठ्या अक्षरांत एरवी क्वचितच लिहिली जाते. व्यंगचित्राची कला या शहरात कागदावर पोहोचण्याआधी बांबूवर रुजली, असे म्हणायला हरकत नाही.

दहन. इतवारी-महालातल्या जुन्या रस्त्यांवरून फिरून झाल्यावर पुतळे जाळले जातात. पिवळ्या मारबतीचे दहन नाईक तलावाच्या परिसरात होते. दिवस भाद्रपदाचे असल्याने लाकूड ओलसर असते. आधी नुसता धूर दाटतो, मग कागद धरतो, रंगवलेला चेहरा आतून उजळतो आणि डोळ्यांच्या जागी ज्वाळा दिसते. नंतर सांगाडाच तेवढा उभा राहून कोसळतो. तिथून गणेश चतुर्थी अवघ्या तीन दिवसांवर असते आणि चितार ओळीत मूर्तिकारांचे हात मातीत गुंतलेले असतात.

त्याच दिवशी सायंकाळी नागपुरात तान्हा पोळा भरतो. सकाळी मारबतीच्या गर्दीत बापाच्या खांद्यावर बसलेली मुले नवे कपडे घालून लाकडी, चाकांचे नंदीबैल ओढत निघतात आणि घरोघरी बोजारा (खाऊ वा पैसे) मागतात. हा तान्हा पोळा १८०६ च्या सुमारास दुसऱ्या रघूजींनी सुरू केला, असे मानले जाते. म्हणजे परंपरेच्या सांगण्यावर विश्वास ठेवला, तर एकाच दिवशी सकाळी बाकाबाई जळते आणि सायंकाळी तिच्याच नवऱ्याने लावून दिलेला बैलांचा खेळ गल्लीतून धावतो.