वरचे दूध : पाणी आणि बाटली (खानदेश)

अंगावरचे दूध न मिळणाऱ्या किंवा अपुरे पडणाऱ्या तान्ह्या बाळासाठी डब्यातल्या पावडरीचे दूध करताना कोणते पाणी घ्यावे आणि ते कशाने पाजावे, याविषयीची ही नोंद. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांत पाण्याची निवड अधिकच जपून करावी लागते. ‘पाणी उकळले की बाळाला चालते’ हा घरोघरचा समज येथे अर्धाच खरा आहे. उकळीने जंतू मरतात. पाण्यात विरघळलेले क्षार व नायट्रेट मात्र तसेच राहतात आणि पाणी जितके आटेल तितके दाट होतात.

रावेर, यावल, चोपडा या केळीपट्ट्यात आणि कापसाच्या काळ्या जमिनीत वर्षानुवर्षे युरिया पडत आला आहे. पिकाने न उचललेले नत्र सिंचनाच्या व पावसाच्या पाण्याबरोबर खाली झिरपते आणि विहिरीत, बोअरमध्ये नायट्रेटच्या रूपात उतरते. गावातले उकिरडे, गोठे आणि शोषखड्डे त्यात भर घालतात. नायट्रेटला रंग, वास, चव काहीच नसते. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि तिच्यात सवलत ठेवलेली नाही. बोअरच्या पाण्यात लिटरला ४० मिलिग्रॅम नायट्रेट असेल तर ते मर्यादेत बसते. तेच एक लिटर पाणी बराच वेळ उकळून ८०० मिलिलिटरवर आणले की प्रमाण ५० होते. काळजीपोटी जास्त उकळलेले पाणी असे उलट बाधू शकते.

मोठ्यांना जे पाणी सोसते ते बाळाला का सोसत नाही, याचे उत्तर वजनात आणि पोटात आहे. चार किलोचे बाळ दिवसाला साधारण ६०० मिलिलिटर दूध पिते, म्हणजे किलोमागे १५०. साठ किलोचा माणूस तीन लिटर पाणी प्याला तरी किलोमागे ५०च होतात. शिवाय बाळाच्या जठरात आम्ल कमी असते, त्यामुळे तिथले जंतू नायट्रेटचे नायट्राइट करतात. नायट्राइटमुळे रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेण्याच्या कामाचे राहत नाही. ते पूर्ववत करणारे विकर (एन्झाइम) पहिल्या काही महिन्यांत पुरेसे तयार झालेले नसते. ओठ, नखे, हातपाय निळसर-राखाडी दिसू लागले, बाळ मलूल झाले किंवा धाप लागली, तर घरगुती उपाय करत न बसता त्याला लगेच दवाखान्यात न्यावे आणि पाणी कुठले वापरले ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. जुलाब झालेल्या बाळाला हा धोका अधिक असतो.

म्हणून आधी स्रोत ठरवावा, उकळणे त्यानंतरचे. धरणातून येणारे, शुद्धीकरण केंद्रातले क्लोरिनयुक्त नळाचे पाणी (जळगाव शहराला येणारे वाघूरचे पाणी हे त्याचे उदाहरण) सहसा बोअरपेक्षा बरे. पण नळाला रोज पाणी येत नाही अशी गावे खानदेशात बरीच आहेत. टाकीत चार-सहा दिवस साठलेल्या पाण्यातला क्लोरिन उडून गेलेला असतो. बाळासाठी झाकणाचे, तोटीचे स्टीलचे वेगळे भांडे ठेवावे. ते शक्य नसेल तर लांब दांड्याचे ओगराळे वापरावे. हात किंवा पेला बुडवलेल्या माठातले पाणी घेऊ नये.

बोअर किंवा विहिरीशिवाय पर्याय नसेल तर पाणी तपासून घ्यावे. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे चौकशी केल्यास नमुना भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाठवता येतो. अहवाल वाचताना एक चूक हमखास होते. आकडा ‘नायट्रेट’चा असेल तर मर्यादा ४५, पण ‘नायट्रेट-नायट्रोजन’ असे लिहिले असेल तर मर्यादा सुमारे १०. दुसऱ्या पद्धतीने आलेला १५ हा आकडा पाहून निर्धास्त होणे म्हणजे दीडपट नायट्रेट असलेले पाणी बाळाला देणे. दुकानात मिळणाऱ्या टीडीएस मीटरवर एकूण क्षार कळतात, त्यात नायट्रेट किती ते कळत नाही.

आरओ यंत्राचा पडदा चांगल्या स्थितीत असेल तर नायट्रेट बरेच कमी होते. फक्त यूव्ही किंवा मेणबत्तीच्या फिल्टरने ते कमी होत नाही, तुरटीनेही नाही. आरओच्या टाकीत साठलेल्या पाण्यात क्लोरिन नसल्याने जंतू वाढू शकतात, तेव्हा तेही उकळावेच. लग्नकार्यात आणि दुकानांत दिसणारे थंड पाण्याचे वीस लिटरचे जार बाळासाठी घेऊ नयेत. जार किती वेळा आणि कशाने धुतला, हे घेणाऱ्याला कळत नाही. सीलबंद बाटलीतले पाणीही निर्जंतुक नसते. ‘मिनरल वॉटर’ घ्यावेच लागले तर लेबलवर सोडियम लिटरला २०० मिलिग्रॅमच्या आत आहे ना, ते पाहावे.

सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याकडे, झऱ्याचे किंवा नाल्याकाठच्या झिऱ्याचे पाणी पावसाळ्यात गढूळ होते. ते निवळू द्यावे, चारपदरी स्वच्छ सुती कापडातून गाळावे आणि मग उकळावे.

घोळदार उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरते. दोन हजार मीटरपेक्षा उंच ठिकाणी जास्त वेळ लागतो, पण तोरणमाळही तेवढे उंच नाही. दुधाची पावडर निर्जंतुक नसते, आणि डबा नवा असला तरी यात फरक पडत नाही. तिच्यात क्वचित क्रोनोबॅक्टर किंवा साल्मोनेला हे जंतू सापडतात. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली सांगितलेली रीत अशी : पाणी ७० अंश सेल्सिअसपेक्षा थंड होण्याआधी त्यात पावडर घालावी. घरात तापमापक नसतोच. निदान एक लिटर पाणी उकळून झाकून ठेवावे आणि अर्ध्या तासाच्या आत वापरावे. वाटीभर पाणी फार लवकर निवते, तिथे हा हिशेब लागू पडत नाही. बऱ्याच डब्यांवर कोमट पाणी घ्यायला सांगितलेले असते. दोन महिन्यांच्या आतले, कमी दिवसांचे किंवा कमी वजनाचे बाळ असेल तर गरम पाण्याचीच रीत धरावी आणि शंका असल्यास डॉक्टरांना विचारावे. दूध झाल्यावर भांडे थंड पाण्यात धरून निववावे आणि मनगटावर थेंब टाकून पाहावा.

आधी पाणी मोजावे, मग पावडर घालावी. अनेक डब्यांत ३० मिलिलिटर पाण्याला एक सपाट चमचा असे माप असते. तरी प्रत्येक डब्यावरचे वाचावे आणि त्याच डब्यातला चमचा वापरावा. चमचा दाबून भरू नये, सुरीच्या पाठीने सपाट करावा. डबा पुरवण्यासाठी किंवा उन्हाळा आहे म्हणून दूध पातळ करण्याची चूक फार महागात पडते : बाळाचे वजन वाढत नाही आणि रक्तातले सोडियम उतरून झटकेही येऊ शकतात. दाट दुधाने उलट पाणी कमी पडते.

पाजण्यासाठी सर्वांत निर्धोक भांडे आपल्याकडे जुनेच आहे : चोचीचे चांदीचे किंवा स्टीलचे बोंडले. ते नसेल तर वाटी-चमचा. दोन्हींत हात पोचत नाही असा कोपरा नसतो. बाटली घ्यायचीच असेल तर रुंद तोंडाची, सरळ बाजूंची, आत झडप किंवा नळी नसलेली घ्यावी. काच उत्तम, पण फुटते. स्टील टिकते, पण आतले माप दिसत नाही. प्लास्टिकमध्ये तळाच्या त्रिकोणात ५ आकडा असलेले पॉलिप्रॉपिलीन घ्यावे, पॉलिकार्बोनेट टाळावे. बाळाच्या दुधाची पावडर आणि बाटल्या यांविषयीच्या १९९२च्या कायद्यानुसार बाटलीवर आयएसआय चिन्ह हवे. त्याच कायद्याने बाटलीच्या आणि पावडरीच्या जाहिरातीला बंदी आहे.

जड पाण्यात रोज उकळलेल्या बाटलीच्या आत पांढरट, खरबरीत थर धरतो. बोट फिरवले तर बारीक रेती लागल्यासारखे वाटते. या थरात दुधाची साय अडकते आणि तिथे जंतूंना आसरा मिळतो. पाण्यात लिंबू पिळून बाटली अर्धा तास भिजवली की थर सुटतो. राखेने किंवा तारेच्या घासणीने प्लास्टिक घासू नये, चरे पडतात आणि तेच घर दुधाला मिळते. पाजून झाल्याबरोबर बाटली उघडून, ब्रशने साबणाच्या पाण्यात धुऊन, बुडेल इतक्या पाण्यात दहा मिनिटे उकळावी. हवेचा बुडबुडा आत राहिला तर तेवढा भाग उकळत नाही. चिमट्याने काढून जाळीवर उपडी ठेवावी, फडक्याने पुसू नये. निपल चिकट झाले किंवा भोक मोठे झाले की बदलावे.

तयार दूध दोन तासांच्या आत संपवावे, पाजायला सुरुवात केल्यावर तासाभरात. उरलेले परत गरम करू नये. पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या मे महिन्यात तर दूध लगेचच पाजावे. कापूस वेचणीला किंवा एसटीच्या प्रवासाला तयार दुधाची बाटली नेऊ नये. उकळते पाणी थर्मासमध्ये आणि मोजलेली पावडर कोरड्या, उकळून वाळवलेल्या डबीत न्यावी. बाळ भुकेले की तिथेच दूध कालवावे.