गुरांच्या तोंडातील विषाणुजन्य व्रणरोग

गाय, बैल व म्हैस यांच्या जिभेवर, हिरड्यांवर, टाळूवर किंवा ओठांच्या आतून विषाणूंमुळे फोड येणे, साल निघणे अथवा खोल जखम पडणे, हे ठळक लक्षण असलेल्या रोगांचा गट. लाळ-खुरकूत, बुळकांडी, विषाणुजन्य अतिसार, मेंढ्यांपासून होणारा घातक पडसेज्वर, नीलजिव्हा आणि लम्पी हे त्यातले प्रमुख. नागपूरकडे लाळ-खुरकुताला ‘खुरी’ किंवा ‘तोंडखुरी’ म्हणतात आणि तोंड आलेले कुठलेही ढोर आधी याच नावाखाली जाते. बहुतेक वेळा ते बरोबर निघते. उरलेल्या वेळी मात्र ही घाई महागात पडते.

जखम तीन तऱ्हेची असते. पाणी भरलेला फुगवटा म्हणजे फोड. त्वचेचा फक्त वरचा थर गेला तर ते क्षरण. ते वण न ठेवता भरते. त्याखालचा थरही गेला तर व्रण. तो खोल असतो, हळू भरतो आणि त्यात जंतूंचा शिरकाव सहज होतो. कोणता रोग फोडाने सुरू होतो आणि कोणता थेट क्षरणाने, यावर निदानाचा अर्धा भाग उभा आहे. अडचण अशी की फोड फार टिकत नाही. लाळ-खुरकुतातला फोड बहुधा चोवीस तासांत फुटतो, आणि चार-पाच दिवसांनी तिथे पिवळसर थर धरलेली, कुठल्याही रोगाची वाटावी अशी जखम उरते. म्हणून ढोराने तोंड टाकले त्याच दिवशी तोंड पाहणे हे चौथ्या दिवशीच्या महागड्या औषधापेक्षा मोलाचे.

लाळ-खुरकूत. या रोगाचा विषाणू जिवाणू अडवणाऱ्या बारीक गाळणीतूनही पार होतो, हे जर्मनीत लोफ्लर व फ्रॉश यांनी १८९८ मध्ये दाखवले. प्राण्यांचा रोग विषाणूमुळे होतो याचा तो पहिला पुरावा. विषाणूचे सात प्रकार असून भारतात ओ, ए व एशिया-१ हे तीन आढळतात. एका प्रकाराविरुद्धची प्रतिकारशक्ती दुसऱ्याला अडवत नाही, त्यामुळे एकदा खुरी येऊन गेलेले ढोर पुन्हा सापडू शकते.

लागण झाल्यापासून दोन ते चौदा दिवसांत ताप चढतो. सकाळी कोठ्यात गेल्यावर टोपल्यातली सरकीची ढेप तशीच दिसते, गाय मचमच आवाज करत उभी असते आणि तोंडातून लाळेची दोरी जमिनीपर्यंत लोंबत असते. जीभ बाजूने धरून ओढली, तर वरची साल मोज्यासारखी हातात येते आणि खाली लालभडक, रक्ताळलेले मांस उघडे पडते. गुरांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. त्या जागच्या कडक हिरडीवरही असेच चट्टे पडतात. खुरांच्या बेचक्यात आणि सडांवरही फोड येतात, म्हणून तोंड पाहिले की पाय पाहायचेच. मोठी जनावरे सहसा मरत नाहीत. लहान वासरे मात्र हृदयाचा स्नायू सुजून, तोंडात एकही फोड नसताना अचानक मरतात. संकरित गाईंना हा रोग जड जातो. गवळाऊसारख्या देशी गाईंना तो तुलनेने हलका जातो, पण त्याही विषाणू पसरवतात.

गावाच्या आखरावर एकत्र जमणारी गुरे, एकाच टाक्यावरचे पाणी, आठवडी बाजार आणि पोळ्याच्या तोरणाखाली शेजारी-शेजारी उभे राहणारे बैल, हे सगळे लाळेच्या प्रसाराचे मार्ग आहेत. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणीला बैलाच्या खांद्याला हात लागतोच. तेव्हाच ओठ वर करून पाहिला तर दुसऱ्या दिवशीची गर्दी वाचते. सप्टेंबर २०१९ पासून केंद्राच्या राष्ट्रीय कार्यक्रमात सहा महिन्यांच्या अंतराने मोफत लस दिली जाते. वासराला पहिला डोस चौथ्या महिन्यानंतर देतात.

बुळकांडी. या रोगात फोड नसतो. तापानंतर हिरड्यांवर टाचणीच्या डोक्याएवढे करडे ठिपके येतात, ते मिळून कोंडा भुरभुरल्यासारखा थर होतो, तो निघून क्षरण उरते, आणि मग दुर्गंधीचे जुलाब लागून ढोर खंगते. एकेकाळी या साथीने कळपच्या कळप संपत. तिच्याशी लढण्याच्या गरजेतूनच १८८९ मध्ये पुण्यात जिवाणुशास्त्रीय प्रयोगशाळा निघाली आणि पुढे ती आजच्या उत्तराखंडातील मुक्तेश्वरला गेली. भारतात शेवटचा रुग्ण १९९५ मध्ये नोंदला गेला आणि २०११ मध्ये जगच बुळकांडीमुक्त जाहीर झाले. मानवाने समूळ संपवलेला हा प्राण्यांचा पहिला रोग. लस टोचणाऱ्या गावोगावच्या पशुधन कर्मचाऱ्यांचे नाव त्यात कुठे येत नाही, पण काम त्यांचे आहे.

विषाणुजन्य अतिसार. कालवड वा गाय गाभण असताना साधारण पहिल्या चार महिन्यांत विषाणू गर्भात शिरला, तर वासरू त्याला आपलाच समजते आणि जन्मभर विषाणू सांडत राहते. पुढे बहुधा सहा महिने ते दोन वर्षांच्या वयात त्याच्या तोंडात, अन्ननलिकेत आणि आतड्यांत क्षरणे पडून ते मरते. बाकीचा कळप धडधाकट आणि एकच वासरू तोंड येऊन हगवणीने आजारी, असे चित्र दिसले की याचा संशय घ्यावा.

घातक पडसेज्वर. विषाणू मेंढ्यांत असतो आणि मेंढ्यांना काहीच होत नाही. विदर्भात शेतात मेंढ्या बसवण्याची जुनी चाल आहे. खतासाठी ती उत्तमच, पण गाभण व नुकत्याच व्यायलेल्या मेंढ्यांजवळ गुरे बांधू नयेत. तोंडातल्या क्षरणांबरोबर दोन्ही डोळ्यांचे बुबुळ कडेकडून आत पांढरे होत जाणे ही याची खूण. ढोर बहुतेक दगावतेच, पण एका गाईकडून दुसरीला तो लागत नाही.

नीलजिव्हा भारतात १९६४ मध्ये महाराष्ट्रातील मेंढ्या-शेळ्यांत प्रथम नोंदला गेला. चिलटांसारख्या बारीक माश्या तो पसरवतात आणि गुरांत तो बहुधा लक्षणांविनाच राहतो. लम्पी २०१९ मध्ये ओडिशातून देशात दिसू लागला; अंगावरच्या गाठींसोबत तोंडातही गाठी येऊन त्यांचे व्रण होतात.

लाळ गळते आणि घास गिळवत नाही, हे चित्र रेबीजचेही असते. त्यात तोंडात जखम नसते, पण ते कळण्यासाठी हात तोंडात घालावाच लागतो. म्हणून हातमोज्याशिवाय तोंड उघडू नये. हे एवढे तरी प्रत्येक गोपालकाने पाळावे.

विषाणूवर थेट औषध नाही. एक भाग पोटॅशियम परमँगनेट हजार भाग पाण्यात मिसळून तोंड धुणे, बोरोग्लिसरीन लावणे आणि कडक कुटार व कडब्याऐवजी ज्वारीच्या पिठाची पातळ आंबील पाजणे, एवढ्यावर तोंड भरते. धुण्याच्या सोड्याच्या चार टक्के द्रावणाने कोठा धुवावा. लाळ-खुरकुताचा विषाणू त्याने मरतो. नमुना म्हणून ताज्या फोडाची साल थंड, उदासीन द्रावणात पाठवतात, कारण आम्लात हा विषाणू टिकत नाही. १९५८ मध्ये सुरू झालेले नागपूर पशुवैद्यक महाविद्यालय शहरातच सेमिनरी हिल्सला आहे, तर राज्याचा रोग अन्वेषण विभाग पुण्यात औंधला.

तोंड भरले म्हणजे रोग संपला, असे नागपूरच्या उन्हात म्हणता येत नाही. खुरीतून उठलेल्या काही गाईंना पुढे महिनोन्महिने उष्णता सोसत नाही. केस लांब व राठ होतात, पारा चाळिशीपार गेला की गाय तोंड उघडे टाकून धापा टाकते, सावली सोडत नाही, आणि तिचे दूध पहिल्या मापावर येत नाही. अशी गाय बाजारात घेताना तोंड निरोगीच दिसते. दुपारी तिचा श्वास पाहावा लागतो.