सीआरटीआय (जीवाणूंतील फायटोईन डिसॅच्युरेज)

कॅरोटिनॉइड (पिवळी ते लाल) रंगद्रव्ये बनवणाऱ्या अनेक जीवाणूंमधील विकर (एन्झाइम). पॅन्टोइया अनॅनॅटिस (पूर्वीचे नाव अर्विनिया युरेडोव्होरा) या जीवाणूतील त्याचे रूप विशेष अभ्यासले गेले आहे. हे विकर रंगहीन फायटोईनचे लाल लायकोपीन करते, आणि तेही एकट्याने. त्या जीवाणूचा कॅरोटिनॉइड जनुकसमूह मिसावा व सहकाऱ्यांनी १९९० मध्ये उलगडला.

फायटोईनच्या ४० कार्बनांच्या साखळीतून विकर चार टप्प्यांत दर वेळी दोन हायड्रोजन काढते. क्रम असा: फायटोईन, फायटोफ्लुईन, झीटा-कॅरोटीन, न्यूरोस्पोरीन, लायकोपीन. सलग एकाआड एक येणारे दुहेरी बंध ३, ५, ७, ९ व ११ असे वाढतात. रंग येतो तो त्यामुळेच. १५-सिस घडणीचे (मधोमध वाकलेल्या साखळीचे) ऑल-ट्रान्समध्ये (सरळ साखळीत) रूपांतरही याच प्रवासात उरकते. सहघटक म्हणून एफएडी (इलेक्ट्रॉन वाहणारा छोटा रेणू) पुरतो. काढलेले इलेक्ट्रॉन अखेर ऑक्सिजनकडे जातात. ऱ्होडोबॅक्टरमधील विकर मात्र मुख्यतः तीनच टप्पे करून पिवळ्या न्यूरोस्पोरीनवर थांबते.

वनस्पतींत याच कामाला दोन डिसॅच्युरेज (हायड्रोजन काढणारी) आणि दोन आयसोमरेज (घडण बदलणारी) अशी चार विकरे लागतात. नॉरफ्लुराझॉन हे तणनाशक त्यांतील पहिले डिसॅच्युरेज बंद पाडते. सीआरटीआयवर त्याचा परिणाम होत नाही. त्यामुळे सीआरटीआयचे जनुक घातलेली तंबाखूची रोपे त्या तणनाशकाला दाद देत नाहीत.

२००० मध्ये जाहीर झालेल्या सोनेरी तांदळात (दाण्यात बीटा-कॅरोटीन बनावे म्हणून जनुके घातलेला भात) डॅफोडिल या फुलझाडाचे फायटोईन सिंथेज (फायटोईन बनवणारे विकर) आणि सीआरटीआय वापरले होते. सीआरटीआय लवकात (वनस्पतीपेशीतील रंगद्रव्ये बनवणाऱ्या कप्प्यात) पोचावे म्हणून त्याला वाटाड्या पेप्टाइड जोडावा लागला. फायटोईन तिथेच बनते. दाणा लाल होईल असा अंदाज होता, पण तो पिवळा निघाला, कारण भ्रूणपोषातली (दाण्याच्या पिठूळ भागातली) मूळची सायक्लेज (साखळीच्या टोकांची कडी करणारी) विकरे लायकोपीनचे बीटा-कॅरोटीन करून टाकतात. पुढे, २००५ मध्ये, डॅफोडिलऐवजी मक्याचे सिंथेज घेतल्यावर दाण्यातील कॅरोटिनॉइडचे प्रमाण ग्रॅममागे १.६ वरून कमाल ३७ मायक्रोग्रॅमवर गेले. म्हणजे अडचण सीआरटीआयची नव्हती, त्याला मिळणाऱ्या फायटोईनची होती. टोमॅटोतही अंदाज चुकला: सीआरटीआयचे जनुक घातल्यावर लायकोपीन वाढले नाही, बीटा-कॅरोटीन मात्र सुमारे तिप्पट झाले.

प्रयोगशाळेत चाचणीसाठी सीआरटीई व सीआरटीबी ही फायटोईन बनवणारी जनुके असलेल्या ई. कोलाय जीवाणूंमध्ये सीआरटीआय घालतात. विकर चालले तर वसाहती गुलाबी-लाल होतात. बंद असेल तर रंगहीन राहतात. पिवळसर छटा दिसली, तर काम अर्धवट राहिल्याचा संशय घ्यावा. वाढ ३७ ऐवजी २८ ते ३० अंश सेल्सिअसला ठेवणे बरे. जास्त तापमानात किंवा जोरदार प्रवर्तकाखाली (जनुक चालू करणाऱ्या डीएनए-भागाखाली) प्रथिनाचे निकामी गोळे बनतात, आणि जेलवर प्रथिनाची पट्टी जाड दिसूनही रंग फिका राहतो. पेशी ॲसिटोनमध्ये ५५ अंशांवर अंधारात १५ मिनिटे ठेवल्या की रंग उतरतो. पेट्रोलियम ईथरमध्ये लायकोपीनची प्रकाशशोषणाची शिखरे साधारण ४४५, ४७२ व ५०३ नॅनोमीटरला दिसतात, फायटोईनचे मुख्य शिखर २८६ ला. केवळ दृश्य पट्ट्यात मोजणाऱ्याला न वापरलेले फायटोईन दिसतच नाही. अर्क उजेडात ठेवला तर लायकोपीनच नासते, आणि दोष विनाकारण विकराच्या माथी येतो.